मोडीत निघण्यापूर्वी : अलंकारांचा अभ्यास आणि नवे संकल्पन

सोने गंजत नाही, किडत नाही. तरीही दोनशे वर्षांपूर्वीचा मराठी घरातला सोन्याचा दागिना आज पाहावयास मिळणे दुर्मिळ झाले आहे. वस्त्र झिजते, लाकडाला वाळवी लागते. दागिन्याचा नाश मात्र त्याच्या मोलामुळेच होतो. नातीच्या लग्नात आजीची ठुशी सराफाच्या पेढीवर जाते, कसाला लागते, मोडीचा भाव ठरतो आणि त्याच सोन्याची नवी साखळी घरी येते. सोने घरात राहते. घाट मात्र कायमचा जातो. दुष्काळात तर हे मोठ्या प्रमाणावर घडते. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळात खेड्यापाड्यांतील चांदीचे दागिने मुंबईच्या टांकसाळीत आटणीसाठी येत होते. १९७२ च्या दुष्काळात मोडलेल्या गोठ-पाटल्यांच्या आठवणी आजही अनेक कुटुंबांत सांगितल्या जातात.

कला व संकल्पन यांचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘ऐतिहासिक व समकालीन अलंकार’ या विषयावर प्रकल्प करावा लागतो, तेव्हा ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पुष्कळदा असे प्रकल्प भ्रमणध्वनीवर मिळालेली पंचवीस-तीस चित्रे चिकटवून पुरे होतात. त्यातून गुण मिळतात, पण ज्ञानात भर पडत नाही. आणि पुढे जे नवे संकल्पन होते ते जुन्याची फिकी नक्कल ठरते. उलट, एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याच गावातील एक जुना दागिना मोजून, रेखाटून, त्याची हकीकत लिहून ठेवली, तर उद्या तो दागिना मोडीत निघाल्यावर तेवढीच नोंद मागे राहणार असते. अशी नोंद कशी करावी, तिला कोणत्या साधनांची जोड द्यावी व तिच्यातून नवे संकल्पन कसे उभे राहावे, याचा विचार या लेखात केला आहे.

विषय लहान, प्रश्न नेमका

‘महाराष्ट्राचे दागिने’ हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. तो एका आयुष्याचा विषय आहे. राखडी, केतकी, मूद हे केसांतील अलंकार. बुगडी, कुडी, वेल हे कानांतील. ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणी, बोरमाळ, मोहनमाळ, चपलाहार हे गळ्यातील. वाकी दंडावरची, तर गोठ, पाटल्या, बिलवर, तोडे हातांतील. कमरेला कंबरपट्टा आणि पायांत पैंजण, जोडवी, मासोळ्या. पुरुषांच्या कानातील भिकबाळी निराळीच. याखेरीज बंजारा स्त्रियांची चांदीची घुगरी, कोळी समाजातील ठसठशीत सोन्याचे दागिने, सह्याद्री व सातपुड्यातील आदिवासींच्या मण्यांच्या माळा, असा हा विस्तार आहे.

म्हणून एक दागिना, एक परिसर आणि एक प्रश्न घेऊन आरंभ करावा. ‘ठुशी लहान मुलीला आणि प्रौढ स्त्रीलाही कशी बेतते?’ किंवा ‘पुतळ्याच्या माळेतील पुतळी मूळची कोठली?’ असा प्रश्न हाती असला म्हणजे कोठे जावे, काय पाहावे आणि काय सोडावे, हे आपोआप ठरत जाते.

पाषाण आणि रंग यांची साक्ष

महाराष्ट्रातील अलंकारांचा सर्वांत जुना पुरावा जमिनीखालून येतो. प्रवरेकाठच्या नेवासे येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मृत मुलाच्या गळ्यातील ती माळ काढून न घेता तशीच राहू दिली गेली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली. सातवाहन काळात मणी, शंख व हस्तिदंत यांच्या कारागिरीची भरभराट झाली. धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे अलंकृत स्त्रीच्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या आहेत. त्यांच्याशी साम्य असलेली एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई या नगराच्या अवशेषांत मिळाली. ते नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. अर्थात ती मूर्ती त्यापूर्वीची असली पाहिजे. अलंकाराचा काळ ठरविण्यासाठी असा बाहेरचा भक्कम आधार कसा उपयोगी पडतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे.

कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील स्त्री-पुरुषांच्या युगुलशिल्पांत जड कर्णभूषणे, मेखला आणि पायांतील भरीव वाळे स्पष्ट दिसतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा मुकुट आणि मोत्यांचे सर तर जगप्रसिद्ध आहेत. पाचव्या शतकातील ती चित्रे पाहताना एक साधा प्रयोग करावा. प्रत्येक आकृतीच्या कोणत्या अवयवावर कोणता अलंकार आहे, याचा तक्ता भरत जावा. कान, गळा, दंड, मनगट, कंबर हे रकाने भराभर भरतात. नाकाचा रकाना मात्र रिकामाच राहतो.

नथ हा आज महाराष्ट्रीय स्त्रीचा ओळखचिन्हासारखा दागिना आहे आणि ती ‘अनादि काळापासून’ चालत आली, असे सहज लिहिले जाते. प्राचीन शिल्पचित्रांत नासिकाभूषण आढळत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान प. कृ. गोडे यांनी नथेच्या प्राचीनतेवर स्वतंत्र लेख लिहून या प्रश्नाची चर्चा केली आहे, आणि हा अलंकार मध्ययुगात रूढ झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. यामुळे नथेचे सौंदर्य किंवा महत्त्व तिळमात्र कमी होत नाही. मात्र सातवाहनकालीन नाटकासाठी दागिने संकल्पित करणाऱ्या विद्यार्थ्याने नायिकेच्या नाकात नथ घातली, तर ती चूक ठरेल. हा बोध कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः भरलेल्या तक्त्यावरून झाला, म्हणजे तो कायम राहतो.

शिल्पाची मर्यादाही ओळखावी. शिल्पकार पुष्कळदा देव, यक्ष, राजे व दानशूर धनिक यांना घडवीत असे. शेतकरणीच्या गळ्यात काय होते, हे तो क्वचितच सांगतो. शिवाय दागिना मागून कसा अडकवीत, तो पोकळ होता की भरीव, हे दगड सांगत नाही.

कागदपत्रांतील दागिने

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाने उपभोगावयाच्या भूषणांचे वर्णन आहे. मराठेशाहीच्या काळासाठी मोडी कागदपत्रांचा मोठा आधार मिळतो. जवाहीरखान्याच्या याद्या, लग्नखर्चाचे हिशेब, वाटणीपत्रे, गहाणखते यांत दागिन्यांची नावे, वजने आणि किमती येतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही या अभ्यासाची प्रमुख ठिकाणे होत. मोडी शिकण्यास काही आठवडे द्यावे लागतात, पण ते श्रम वाया जात नाहीत.

याद्या वाचताना वजनांचे कोष्टक जवळ ठेवावे. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा. किंवा ३ गुंजांचा १ वाल आणि ३२ वालांचा १ तोळा. दोन्ही हिशेबांनी तोळ्याच्या ९६ गुंजा होतात. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. आजच्या सराफी व्यवहारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. हा भेद विसरला, तर पाच तोळ्यांच्या दागिन्यात आठ ग्रॅमांहून अधिक फरक पडतो आणि त्यावर बेतलेले सर्व अनुमान चुकते.

एकोणिसाव्या शतकासाठी मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर फार उपयुक्त आहे. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या खंडांत निरनिराळ्या समाजांतील स्त्रीपुरुषांच्या पोशाखाची व दागिन्यांची माहिती आहे. विदर्भासाठी रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेला मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ पाहावा. मात्र हे लेखन राज्यकर्त्यांच्या दृष्टीने झालेले आहे. एखाद्या समाजाविषयीचे त्यातील शेरे जसेच्या तसे उतरून घेऊ नयेत.

चित्रे व छायाचित्रे हाही कागदाचाच पुरावा. राजा रविवर्मा यांनी नऊवारी नेसलेल्या महाराष्ट्रीय स्त्रिया रंगविल्या आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या मुद्रणालयामुळे तशी रूपे घरोघरी पोहोचली. येथेही सावधगिरी हवी. चित्रकार आपल्या मनातील रूपासाठी दागिने निवडतो, आणि छायाचित्रासाठी बसलेली स्त्री ठेवणीतले दागिने घालून बसते. रोज पाणी भरताना ती काय घालीत होती, हे त्यातून कळत नाही.

दागिना हातात घेतल्यावर

या सर्व तयारीनंतर प्रत्यक्ष दागिन्याकडे वळावे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय आणि नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय पाहून नजर तयार होते. काचेआड ठेवलेला दागिना मात्र एकच बाजू दाखवितो. मागची बाजू पाहावयाची तर घरातला दागिनाच हवा.

मागच्या बाजूस कारागीर दिसतो. डाख कोठे लावला आहे, तार जंतरातून ओढलेली आहे की पत्रा कापून वळलेली, रवे एकेक बसविले आहेत की ठशातून उठविले आहेत, पोकळीत लाख भरली आहे काय, कोंदणाचे सोने कोठे दबले आहे, हे भिंगातून पाहावे. पटवेकऱ्याने गाठलेला रेशमी गोफ मूळचा आहे की नंतर बदललेला, तेही विचारावे. झिजलेल्या जागांची विशेष नोंद घ्यावी. दागिना अंगावर नेमका कोठे टेकत होता, हे त्या जागा सांगतात.

पुतळ्याच्या माळेचे उदाहरण घेऊ. पुतळी म्हणजे मुळात इटलीतील व्हेनिस प्रजासत्ताकाचे सोन्याचे डुकाट हे नाणे. त्याचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास असून ते तेराव्या शतकाच्या अखेरीपासून पाडले जात होते. त्याच्या एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या मंडलातील येशू ख्रिस्त असे. शुद्ध सोन्यामुळे हे नाणे व्यापाराच्या वाटेने भारतात आले, मान्यता पावले आणि त्यावरील आकृत्यांमुळे ‘पुतळी’ म्हणून ओळखले गेले. पुढे येथील सोनारांनीच तशा पुतळ्या घडविल्या. अशा पुतळीवर रोमन अक्षरांच्या जागी अर्थहीन रेघा उमटलेल्या दिसतात आणि आकृत्यांनाही देशी वळण आलेले असते.

यातून काळाविषयी एक नियम निघतो. माळेत व्हेनिसचे अस्सल नाणे असेल, तर माळ त्या नाण्याहून जुनी असू शकत नाही. नवी मात्र कितीही असू शकते. ते प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले, पण पुतळ्या घडत राहिल्या. एका दागिन्याच्या मागच्या बाजूतून सागरी व्यापार, देशी कारागिरी आणि लोकांची श्रद्धा यांचा असा इतिहास उलगडतो.

कारागीर आणि घरातील स्त्री

पुस्तकात न मिळणारे ज्ञान दोघांपाशी असते. त्यांपैकी पहिला कारागीर. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी व इतर दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. खामगावची चांदी व जळगावचे सोने यांचाही लौकिक आहे. कारागिराकडे जाताना त्याच्या फुरसतीची वेळ विचारावी, त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपावेत आणि हत्यारांची रेखाटने करावीत. मूस, फुंकणी, ऐरण, जंतर, चिमटा, ठसा यांच्या रेखाटनाविना दागिन्याचे रेखाटन अपुरे असते.

वृद्ध सुवर्णकाराला १९६३ सालाविषयी जरूर विचारावे. त्या वर्षीच्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू होऊन १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. पुढे १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला व तो १९९० मध्ये रद्द झाला. पहिल्या नियमांच्या काळात अनेक सुवर्णकारांची रोजी बुडाली आणि कित्येकांनी मुलांना दुसऱ्या व्यवसायांत घातले. एखादे तंत्र एका पिढीत अचानक का लुप्त झाले, याचे उत्तर कधी कधी येथे सापडते.

दुसरी साक्ष दागिना वापरणाऱ्या स्त्रीची. तो माहेरून आला की सासरहून, कितव्यांदा गहाण पडला, कोणाच्या शिक्षणासाठी किंवा विहिरीसाठी मोडला, पतीच्या निधनानंतर कोणता उतरविला आणि कोणता ठेवला, या प्रश्नांच्या उत्तरांत दागिन्याचा खरा अर्थ असतो. जमीन, घर पुरुषांच्या नावावर असताना अंगावरचे सोने हीच पुष्कळ स्त्रियांची स्वतःची म्हणता येईल अशी मालमत्ता होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेवर, स्त्रीधनासह, पूर्ण स्वामित्व दिले. परंतु आपल्याच पाटल्या मोडताना कोणाला विचारावे लागले, हे ती स्त्रीच सांगू शकते.

ऐकीव माहितीही पडताळून घ्यावी. कोल्हापुरी साजात परंपरेने २१ पाने मानली जातात : दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक व पाचू यांची आणि एक ताईत. प्रत्यक्ष साज समोर आल्यावर पाने मोजावीत. पुष्कळदा ती कमी भरतात. अशा वेळी परंपरा आणि वस्तू या दोहोंची नोंद करावी. एकीला खरी ठरविण्यासाठी दुसरी पुसू नये.

नोंदपत्रात दागिन्याचे मालकिणीने सांगितलेले नाव, धातू, वजन, लांबी-रुंदी-जाडी, तंत्र, दुरुस्त्या, हकीकत आणि पुढून, मागून व बाजूने काढलेली मूळ आकाराची रेखाटने असावीत. लेखी अनुमतीविना छायाचित्र घेऊ नये, आणि प्रकल्प प्रदर्शित करताना कुटुंबाचे नाव व पत्ता उघड करू नये. विश्वासाने उघडलेली पेटी चोरांच्या दृष्टीस पडता कामा नये.

आजचे दागिने, तीच दृष्टी

समकालीन दागिना डोळ्यांसमोर असतो, म्हणून त्याचा अभ्यास सोपा वाटतो. तसे नाही. संगणकावर आकार तयार करून मेणाच्या नमुन्यावरून ओतीव काम करण्याच्या पद्धतीने घडणीचे स्वरूप पालटले आहे. सोन्याच्या वाढत्या भावामुळे वजन घटविण्याकडे कल आहे, तर सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या दागिन्यांनी पारंपरिक घाट सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आणले आहेत. ऐतिहासिक चित्रपट व मालिका यांमुळे जुन्या घाटांना पुन्हा मागणी येते. परंतु ती मूळ दागिन्याला असते की पडद्यावरील दागिन्याला, हे विद्यार्थ्याने पेढीवरच्या ग्राहकांशी बोलून शोधावे.

शुद्धतेच्या खुणाही वाचता आल्या पाहिजेत. भारतीय मानक ब्यूरोची सोन्यासाठीची हॉलमार्क योजना २००० मध्ये सुरू झाली. १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक आवश्यक ठरला. ९१६ हा आकडा २२ कॅरट, म्हणजे ९१.६ टक्के शुद्धता दाखवितो. जुन्या दागिन्यावर अशी खूण नसणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून त्याला हिणकस म्हणू नये.

अभ्यासाकडून संकल्पनाकडे

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने ठुशी हा विषय घेतला. चित्रे पाहून ती कडक पट्टीवर सोनेरी मणी चिकटवील आणि मागे आकडा लावील. पाहणाऱ्याला ती ठुशी वाटेल. घालणारीच्या गळ्याला मात्र ती टोचेल. तिनेच चार जुन्या ठुश्या हाताळल्या असतील, तर तिला दिसेल, की बारीक मणी दाट बसविल्याने थोड्या सोन्यात भरगच्चपणा येतो, मण्यांची वीण गळ्याच्या वळणाबरोबर वळते आणि मागच्या दोऱ्यामुळे तोच दागिना आई व मुलगी दोघींनाही बेतता येतो. आता ती चांदीत, काचेत किंवा सुतातही काम करू शकेल. मण्याचा आकार बदलला तरी लवचिकपणा, मितव्यय आणि सैल-घट्ट करण्याची सोय हे ठुशीचे गुण तिच्या संकल्पनात उतरतील.

परंपरा पुढे नेणे ते हेच. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. भिंग, मोजपट्टी, लहान काटा, वही, पेन्सिल आणि ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरे. प्रकल्पाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, दुसरी दागिन्याच्या मालकिणीला आणि अनुमती असल्यास तिसरी जवळच्या वस्तुसंग्रहालयाला द्यावी.

दागिना ठेवावा की मोडावा, हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. मुलीचे शिक्षण अडले असता तिने पाटल्या मोडू नयेत, असे सांगण्याचा अधिकार कोणाही अभ्यासकाला नाही. तो एवढेच करू शकतो, की पेढीवर जाण्यापूर्वी एक दुपार मागून घ्यावी, दागिना मोजावा, रेखाटावा आणि तिचे सांगणे लिहून घ्यावे.